मालदीवच्या बाई

मालदीव म्हटलं की काय आठवतं? पाण्यावरचे लाकडी व्हिला, हनिमून कपल्स आणि सोमवारी सकाळी ऑफिसात बसून आपला जीव जाळणारे फोटो. बरोबर? आता त्याच फोटोत आणखी एक कॅरेक्टर टाका. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तपासायच्या वह्या आणि सकाळच्या उन्हात सायकल हाणत शाळेत निघालेल्या बाई!

या बाई म्हणजे माझी मैत्रीण. मूळची साताऱ्याची, बी.एड. झालेली. पुण्यात एका शाळेत कॉन्ट्रॅक्टवर गणित शिकवायची आणि 'पुढच्या वर्षी परमनंट करू' हे वाक्य दर जूनमध्ये ऐकायची. मालदीवच्या शाळांत बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवतात. बाहेरच्या शिक्षकांना तिथे मागणी असते आणि त्यात भारतीय भरपूर. तिनं अर्ज टाकला आणि २०२३ साली देशाच्या पार दक्षिण टोकाला, अड्डूला जाऊन पोचली. मालेहून पुन्हा विमान पकडायचं, वाटेत विषुववृत्त ओलांडायचं आणि गान नावाच्या बेटावर उतरायचं. परवा मी तिच्याकडे आठवडाभर राहून आले. रिसॉर्टची पायरीही न चढता!

पहिला धक्का म्हणजे वीकेण्ड. तिथे शाळा रविवार ते गुरुवार. आपण शुक्रवारी दुपारी घड्याळ बघत बसतो, तेव्हा तिथे सुट्टी सुरू होऊन तास उलटलेले असतात. पण शुक्रवारची सकाळ म्हणजे कडकडीत बंद. दुकानं, कॅफे, रस्ते, सगळं सामसूम. दुपारची नमाज झाली, की मग बेट हळूहळू जागं होतं.

मग आम्ही सायकली काढल्या. अड्डूची पश्चिमेकडची बेटं भराव टाकून एकमेकांना जोडली आहेत. एका टोकाला गान, दुसऱ्या टोकाला हिताधू आणि मध्ये साधारण १४ किलोमीटरचा सपाट रस्ता. काही ठिकाणी तर दोन्ही बाजूंना समुद्र. गानवर १९५७ ते १९७६ या काळात ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. गोरे साहेब गेले आणि तळावर काम करून इंग्रजी शिकलेले अनेक अड्डूकर उत्तरेकडच्या नव्या रिसॉर्टमध्ये नोकरीला लागले. जुन्या बराकींपैकी काही ठिकाणी आता पर्यटक राहतात.

रस्त्यात दर दोन मिनिटांनी स्कूटरवरून हाक, "मिस!" मी मोजायला लागले आणि सतराला सोडून दिलं. कॅफेवाला सातवीतल्या मुलाचा बाबा, फेरीवर दोर बांधणारा नववीतल्या मुलीचा काका. "इथे मी कधीच ऑफ ड्युटी नसते गं," ती म्हणाली. चहाबरोबर काय खाल्लं, कुणाबरोबर फिरलीस, सगळं सोमवारपर्यंत स्टाफरूममध्ये हजर. स्थानिक बेटांवर दारू नाही आणि पोहायचं तर अंगभर कपड्यांत. बिकिनीसाठी पर्यटकांचा वेगळा बीच असतो, पण तिथे विद्यार्थ्यांच्या बाई कशा जाणार? आणि रिसॉर्टमध्ये एक दिवस घालवायचा तर त्याचे डॉलर मोजताना गणिताच्या बाईंनाही घाम फुटतो.

"पहिल्या दोन वीकेण्डमध्ये अख्खं अड्डू बघून झालं," ती सांगत होती. "तिसऱ्या वीकेण्डला खोलीत बसून रडले." ना मल्टिप्लेक्स, ना एफसी रोड, ना मराठीत भांडायला कुणी. मग काय केलंस? तर बेट संपल्यावर ती भाषेकडे वळली. दिवेहीत मासळीला म्हणतात 'मस', पोळीला 'रोशी'. एक-दोन-तीनच्या जागी 'एके, दे, तिने'. किनाऱ्यावर दोरीच्या जाळीच्या खुर्च्या असतात, त्यांचं नाव 'जोली'. बसल्यावर लगेच कळतं, ही तर आपली झोळी! लिपीचं नाव ताना, लिहायची उजवीकडून डावीकडे. गंमत म्हणजे तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून आली आहेत. गणिताच्या बाईंना याहून वेगळं निमंत्रण कशाला हवं? आता ती फळ्यावर मुलांची नावं तानात लिहिते आणि वर्ग तिच्या चुका सुधारतो.

शनिवारी आम्ही फेरीनं हुलुमिधूला गेलो. रस्त्यानं न जोडलेलं हे पलीकडचं बेट. तिथल्या कोआगन्नू कब्रस्तानात प्रवाळाच्या दगडात कोरलेल्या जुन्या कबरी आहेत. शेकडो वर्षांची नक्षी आणि वर झाडांची दाट सावली. फांदीवर एक पांढराशुभ्र पक्षी बसला होता. मालदीवमध्ये हा फक्त अड्डूतच दिसतो. घरटं बांधत नाही, उघड्या फांदीवरच अंडं घालतो. "माझ्यासारखाच," मैत्रीण म्हणाली आणि स्वतःच जोरात हसली. मला मात्र हसू आलं नाही.

कारण घराचा विषय तिथे रोज निघतो. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती न्यायला बंदी आहे. त्यामुळे गणपतीच्या दिवशी आरती फक्त व्हिडिओ कॉलवर. तिचं घड्याळ साताऱ्याच्या अर्धा तास मागे, म्हणून आईनं आरती थोडी उशिरा ठेवली. मोदक मात्र तिनं केलेच. नारळाला तोटा नाही, पण गूळ मिळेना. मग माडाच्या रसाचा काकवीसारखा पाक, 'दिया हकुरू', घातला. सारण पातळ झालं, मोदक फुटले. तरी स्टाफरूममध्ये डबा पाच मिनिटांत रिकामा!

जानेवारी २०२४ मध्ये सोशल मीडियावर भारत विरुद्ध मालदीव असं भांडण पेटलं. 'बॉयकॉट मालदीव'चा ट्रेंड बघून आईचा फोन आला, "बाळा, परत ये." त्या दिवशी ती नेहमीसारखी वर्गात गेली आणि समीकरणं शिकवली. कुणीच काही विचारलं नाही. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी झाकलेली ताटली आणून दिली. आत रोशी आणि मस हुनी, म्हणजे ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची. काकू काही बोलल्या नाहीत, दारात चप्पल घालून निघून गेल्या. "आईला ट्रेंड सांगता येतो," मैत्रीण म्हणाली, "ही ताटली कशी सांगू?"

मी गेले तेव्हा तिच्या फ्रिजवर कॉन्ट्रॅक्टच्या नूतनीकरणाचा फॉर्म चुंबकाखाली अडकवलेला होता. रविवारी द्यायचा होता. एकीकडे आईचा वाढता रक्तदाब, साताऱ्यात येऊन गेलेलं एक बरं स्थळ आणि इकडे कुणीही न विचारणारा एकटेपणा. दुसरीकडे साठलेले पैसे, स्वतःची खोली, स्वतःची सायकल आणि रस्त्याभर "मिस!" पुण्यात सहा वर्षं शिकवून तिला सोसायटीचा वॉचमनही शिक्षिका म्हणून ओळखत नव्हता.

शनिवारी रात्री आम्ही हिताधूच्या धक्क्यावर जोलीत बसलो होतो. तिनं आईला फोन लावला. "एकच वर्ष, आई. माझी दहावीची बॅच आहे, त्यांची परीक्षा होऊ दे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग आईनं विचारलं, "तिकडे तुला गूळ मिळतो का गं?"

फोन माझ्या हातात आला. मी काकूंना सांगून टाकलं, पुढच्या खेपेला दोन किलो घेऊन जाते. चिकीचाही घेते.