गाडीचें पाल

जुन्या वस्तूंवर प्रेम करणें सोपें असतें. त्यांना जागा देणें अवघड. जुना ग्रंथ फडताळांत मावतो, पितळेचा हंडा माळ्यावर चढतो. परंतु जुनी मोटार ही अशी वस्तु आहे कीं, तिच्यावरील ममता फुटांत मोजावी लागते. आमच्या वडिलांची फियाट सुमारें तेरा फूट लांब आणि पांच फुटांहून किंचित् कमी रुंद आहे. एवढी ममता ठेवण्यास आमच्या घरीं जागा नव्हती.

ही गाडी वडिलांनीं 1970 सालीं घेतली. मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रीमियर कंपनी 1964 पासून जी ‘फियाट 1100 डिलाइट’ बांधीत असे, तिच्यांतलीच ही एक. तिलाच पुढें ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती सर्वांच्या परिचयाची झाली. मुंबईंतील त्या टॅक्सींपैकीं शेवटचीही 2023 च्या ऑक्टोबरांत वयाची मर्यादा भरून रस्त्यावरून उतरली. पूर्वीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी, तेव्हां कोठें गाडी दारीं यावी. वाट पाहून मिळालेल्या वस्तूवर माणूस निराळ्याच रीतीनें जीव लावतो, हें आम्हीं घरींच पाहिलें आहे.

वडिलांच्या पश्चात् ती आमच्या वाड्याच्या पडवींत उभी राहिली. पुढें वाडा पाडावयाचें ठरलें. त्या कागदावर आमचीही सही आहे. तेव्हां धाकटे बंधु म्हणाले, “दादा, भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. देऊन टाकूं या.” त्यांचें म्हणणें व्यवहाराचें होतें, पण ‘वजनावर’ हा शब्द आम्हांस सोसला नाहीं. आम्हीं एक वर्ष मागून घेतलें. “एकच वर्ष,” ते म्हणाले. आणि त्यांचा स्वभाव वडिलांसारखा असल्यामुळें एक म्हणजे एकच, हें आम्ही समजलों.

आतां प्रश्न छपराचा. सावेडीस आम्ही ज्या भाड्याच्या घरांत राहतों, त्याच्या मागें थोडें अंगण आहे. परंतु पक्कें बांधकाम करूं नये, असें घरमालकांनीं बजाविलें. तेव्हां आम्हीं पाल घालावयाचें ठरविलें. (हा शब्द वाचकांनीं नपुंसकलिंगी घ्यावा, स्त्रीलिंगी पाल आमच्या घरांत मुबलक आहेत!) बारा फूट रुंद व वीस फूट लांब अशी जस्त चढविलेल्या लोखंडी नळ्यांची चौकट आणि तिच्यावर पांढरी ताडपत्री, एवढाच संभार. चौकट उभी राहतांच शेजारच्या काकूंनीं विचारलें, “कार्य कोणाचं काढलंत?” आमच्याकडे दारांत मांडव पडला कीं तो लग्नाचा, नाहीं तर गणपतीचा. गाडीसाठीं आहे, असें कळल्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांच्या दृष्टींत आमच्या कुटुंबाविषयीं करुणा दिसली.

नगरास पाऊस बेताचा. सह्याद्रीच्या आड पडलेला हा मुलूख. खरें भय वाऱ्याचें. पारनेर तालुक्यांत कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, त्या उगीच नव्हेत. येथें आमची विद्या संपली आणि महाविद्यालयाच्या फाटकावर बसणारे पाथर्डीकडील एक वृद्ध गृहस्थ आमचे गुरु झाले. तरुणपणीं कित्येक हंगाम त्यांनीं ऊसतोडीस जाऊन कोपींत काढले होते. जागा पाहून ते म्हणाले, “सर, वाऱ्याला कूस द्यायची न्हाई, अरुंद तोंड द्यायचं.” आम्हीं विचारलें, “मामा, आणि दोऱ्या ताणून बांधायच्या ना?” ते हंसले. “ताणल्या तर फाटंल. जरा सैल, सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधी घालून.” रबर ओढ घेतें आणि ताडपत्रीचीं भोकें शाबूत राहतात. वैशाखांत वावटळ आली तेव्हां आसपासचे दोन पत्रे उडाले. आमचें पाल रात्रभर फडफडलें, पण जागचें हललें नाहीं.

दुसरा शत्रु ओल. गाडी घट्ट झांकली म्हणजे सुरक्षित झाली, ही समजूत चुकीची आहे. जमिनींतली वाफ वर चढते, थंड ताडपत्रीस लागून तिचे थेंब होतात व पहांटे तेच थेंब पत्र्यावर ठिबकतात. म्हणजे छप्परच गंज पाडूं लागतें. म्हणून खालीं मुरूम, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर शहाबादी फरशी आणि वर दोन्ही टोकांस वीत-वीत मोकळी जागा, अशी योजना केली. इंजिन सुरू करावयाचें तर बाजूचे पडदे वर गुंडाळल्याखेरीज नाहीं, हा नियम घातला; धुराचा विषारी वायु डोळ्यांस दिसत नाहीं.

यानंतर गाडी सुटी होऊं लागली. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावयाचें, बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत घालून वर चिठ्ठी लावावयाची. भिंगारचे वृद्ध उस्ताद रविवारीं येतात. दाराखालचा पत्रा बोटानें दाबतांच त्याचा भुगा झाला, तेव्हां ते म्हणाले, “सर, नवा घालूं, कीं आहे तेवढा वांचवूं?” प्रश्न पत्र्यापुरता नव्हता. 2021 सालीं केंद्र सरकारनें नियम केले, त्यांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपांत राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. मात्र मग प्रदर्शन, फेरी, इंधन, दुरुस्ती अशा कारणांवांचून ती रस्त्यावर आणतां येत नाहीं. नगरच्या रणगाडा संग्रहालयांत एक जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी आहे. तिच्यापुढें आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलों. तिला तो विसावा शोभतो. पण आमच्या गाडीनें आईला बाजारांत नेलें, बहिणींना सासरीं पोंचविलें. तिचा मान चालण्यांत आहे. कुजला तेवढाच पत्रा बदलावा, बाकीचा राखावा आणि योग्यतेची परीक्षा देऊन तिची साधी नोंदणीच कायम ठेवावी, असें आम्हीं उस्तादांस सांगितलें.

या कामानें एक गोष्ट आमच्या मनांत पक्की केली. पक्की खोली मिळाली असती, तर गाडी तिच्यांत सुखानें पडून राहिली असती. सवडीनें करूं, असें म्हणतां म्हणतां तीवर गाद्या आणि रद्दी चढली असती. तात्पुरतें छप्पर माणसास रोज मुदतीची आठवण देतें. पाल घालावयाचें तें उठविण्यासाठीं. ज्याचें पाल उठलें नाहीं असा एक बादशहा याच भूमींत झाला. औरंगजेब दक्षिणेंत उतरला तो पुन्हां उत्तरेस गेलाच नाहीं. पंचवीस वर्षें बहुतेक छावण्यांत काढून 1707 सालीं भिंगारास त्यानें देह ठेविला. मुक्कामालाच वस्ती समजण्याचें फळ बादशहासही चुकत नाहीं.

चैत्रांत आमची मुदत संपते. आज पौष चालू आहे; इंजिन बसलें आहे, रंग व्हावयाचा आहे, ब्रेकचा एक भाग मिळत नाहीं. गाडी त्या दिवशीं आपल्या चाकांवर बाहेर पडेल कीं ओढून न्यावी लागेल, हें सांगवत नाहीं. पाल मात्र आम्ही उतरवूं. पाथर्डीच्या मामांनीं नळ्या आतांच मागून ठेविल्या आहेत. नातीच्या लग्नांत मांडवाला लागतील म्हणतात.