शुक्रतारा, पाचोडच्या शिवारातला

माघ सरत आला की पाचोडच्या मोसंबीच्या बागा फुलतात, आणि दिवसभर उन्हात दबलेला तो पांढरा, जरासा कडवट, गोड वास दिवेलागणीनंतर बांध ओलांडतो, गल्हाटीच्या कोरड्या पात्रावरून गावात शिरतो, पत्र्यांच्या घरांत, माळवदांवर, हायवेला थांबलेल्या ट्रकच्या केबिनमध्येही जाऊन बसतो. माझ्या मनात या वासाला एक चाल आहे.

खळ्यांची.

‘शुक्रतारा’ची ध्वनिमुद्रिका १९६२ सालची. शब्द मंगेश पाडगावकरांचे, संगीत श्रीनिवास खळ्यांचं. गायला इंदूरचे अरुण दाते, शिक्षणानं टेक्स्टाइल इंजिनिअर, जीव सगळा गझलेत; आणि सोबत हिंदी सिनेमातल्या सुधा मल्होत्रा. चाल ऐकताना सोपी वाटते, गुणगुणायला गेलं की निसटते. (खळ्यांच्या चाली अशाच दगाबाज!)

रेडिओवर हे गाणं लागलं की आई चुलीपुढून उठत नसे, पण परातीतली तिची बोटं थांबत. अर्धी थापलेली भाकरी, मनगटापर्यंत सुकत चाललेलं ज्वारीचं पीठ, आणि बाहेर ओसरीवर सुपारीत अडकून राहिलेला वडिलांचा अडकित्ता. दोघांनी एकमेकांना जन्मात नावानं हाक मारली नाही. ‘अहो’ आणि ‘ऐकलं का’ एवढ्यावर संसार झाला. गाणं चालू असेतो मधली भिंत जरा पातळ होई.

मग अडकित्ता वाजे.

या गाण्यातला पुरुष विनवतो, हक्क सांगत नाही. आणि बाईलाही तिथं स्वतःचं कडवं आहे. तिच्या मनातलं ती स्वतः बोलते. मला तर ते टिकण्याचं सगळं कारण इथंच दिसतं. आमच्याकडच्या ओव्यांत भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, नवराही आहे. पण त्या जात्याला सांगितलेल्या. समोर बसून सांगायचं धाडस आधी रेडिओनं केलं.

आता शेतीला रात्रीची लाइट असते. परवा पहाटे गव्हाला पाणी द्यायला शेजारचा पोरगा निघाला, तर खिशातल्या मोबाइलवर दाते. मोटरची घरघर, पायाखाली चिखल, पूर्वेला तो तारा. ‘हे कुठून रे शोधलंस?’ म्हटलं. ‘आज्जा ऐकायचा,’ म्हणाला, आणि फावड्यानं बारं फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. पुढं न विचारताच म्हणाला, ‘तिला पाठवलंय.’

खळे २०११ साली गेले, पाडगावकर २०१५ साली, दाते २०१८च्या मे महिन्यात. गाण्याला वय चढलेलं नाही. फक्त एक करा, ते कानात बोंडं घालून एकट्यानं ऐकू नका. दोघांचं गाणं आहे. आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात लावा.