भुयारी गटार कधी येणार, हे विचारण्याआधी उत्तनकरांनी विचारायचे तीन प्रश्न

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरपट्टी भरत असाल, किंवा समुद्रावर पोट असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

ऑगस्ट २०२२ मध्ये मीरा-भाईंदर महापालिकेची मुदत संपली आणि तिथून पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. महासभा आणि स्थायी समिती, दोन्हीचे अधिकार एकाच खुर्चीत. ठराव व्हायचे, पण सभागृहात उभं राहून "हे पैसे फेडणार कोण?" असं विचारायला कुणी नव्हतं. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि ९५ जणांचं सभागृह परत आलं. म्हणजे विचारायची सोय आता पुन्हा झाली आहे. प्रश्न आहे तो आपण काय विचारणार याचा.

गल्लीत पुढारी आला की आपण सगळे एकच विचारतो, "भुयारी गटार कधी?" तो म्हणतो, "मंजूर झालंय, होईल." आपण खूश, तोही खूश. माझं म्हणणं असं की हा प्रश्न अर्धवट आहे. त्याचं उत्तर नेहमी "लवकरच" असंच येणार, आणि त्या "लवकरच"च्या मागे एक कर्जाचा हप्ता असतो, तो कुणी सांगत नाही.

आधी उपद्रवाचं बोलू, कारण रोज भांडण त्यावरूनच होतं. कायद्यात 'उपद्रव' हा शब्द आहे आणि तो ज्याला हवा तसा वापरता येतो. हल्ली किनाऱ्यावर नवीन राहायला आलेल्या किंवा शनिवार-रविवारी फिरायला येणाऱ्या लोकांना बोंबील, जवळा सुकवण्याचा वास म्हणजे उपद्रव वाटतो. रस्त्याकडेला सुकत टाकलेली मासळी, जाळ्यांचे ढीग, मासळीबाजारातलं पाणी, यांचे फोटो काढून तक्रारी होतात. काही तक्रारी खऱ्याही आहेत. बाजारातलं पाणी रस्त्यावर वाहू देणं आपल्यालाही शोभत नाही.

पण सुक्या मासळीचा वास उन्हाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो, त्यानं कुणाची विहीर नासत नाही. ज्या उपद्रवाचा फोटो निघत नाही तो जमिनीखाली आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी, इकडे राई, मुर्धा, मोर्वा, सगळीकडे घराघराला सेप्टिक टँक. मोरीचं, धुण्याचं पाणी उघड्या गटारात, गटार नाल्यात आणि नाला खाडीत नाहीतर थेट समुद्रात. सेप्टिक टँकचं गणित साधं आहे. गाळ खाली बसतो, वरचं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला तरच हे चालतं. नाही उपसला तर टाकी गाळानं भरते आणि पाणी जसं आलं तसंच बाहेर पडतं. आपल्याला टाकी भरल्याचं कळतं केव्हा? संडास तुंबल्यावर. म्हणजे त्याआधी किती वर्षं ते घाण पाणी तसंच जमिनीत जात होतं, ते देव जाणे. त्यात आपला किनारा. कुठे कातळ, कुठे हातभर खाली पाणी. पावसाळ्यात शोषखड्डा शोषणार तरी काय!

तेव्हा मैल्याचं पाणी शुद्ध झालं पाहिजे, यात वाद नाही. तसा कायदाही आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गटारं आणि मलनिस्सारण हे बंधनकारक कर्तव्य आहे, मर्जीचं काम नाही. २२ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात याहून स्पष्ट सांगितलं. मलशुद्धीकरण केंद्र उभारणं आणि चालवणं ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. लागल्यास वापरणाऱ्यांकडून कर घ्या, ते जमलं नाही तर राज्य सरकारनं पैसे द्यावेत.

म्हणजे काम करायचंच आहे. आता पैशाचं बघू.

शहराच्या पहिल्या भुयारी गटार योजनेला जेएनएनयूआरएममधून मंजुरी मिळाली तेव्हाचा आकडा होता ४९१.९८ कोटी रुपये. मुंबई महानगरातल्या शहरांसाठी त्या योजनेचं प्रमाण होतं केंद्र ३५ टक्के, राज्य १५ टक्के आणि पालिका ५० टक्के. म्हणजे जवळजवळ २४६ कोटी शहरानं स्वतः उभे करायचे. आपल्या गावांना त्या टप्प्यात पाइप मिळाला नाही. पण पालिकेची तिजोरी एकच आहे. भाईंदर पूर्वेचं गटार असो की मीरा रोडचं, त्याचा भार शहराच्या तिजोरीवर, आणि तिजोरी भरते सगळ्यांच्या घरपट्टीनं. उत्तनच्या सुद्धा. भाईंदरकरांवर माझा राग नाही, त्यांचं सांडपाणी शुद्ध होऊन खाडीत आलं तर आपल्याच जाळ्याचं भलं आहे. फक्त हे लक्षात असू द्या की आपण या खर्चाचे प्रेक्षक नाही, भागीदार आहोत.

कर्ज म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. १०० कोटी घेतले, ८ टक्के व्याज, १५ वर्षं मुदत. वर्षाचा हप्ता साधारण ११ कोटी ६८ लाख. शेवटी फेड होते १७५ कोटींची. कर्ज वाईट असं मी म्हणत नाही. बोट घ्यायला कर्ज काढत नाही का आपण? पण बोट घेतली की ती समुद्रात जाते, मासळी आणते, त्यातून हप्ता निघतो. बोट बंदरात बांधून ठेवली तरी बँक हप्ता सोडत नाही. मलशुद्धीकरण केंद्राचंही तसंच. केंद्र बांधलं पण घरं जोडली नाहीत, तर मैला नाल्यातून जातो आणि व्याज तिजोरीतून.

पुण्याची गोष्ट आठवा. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेनं चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजानं. वाजतगाजत पैसे आले आणि निविदाच अडकल्या. रक्कम बँकेत ठेवून द्यायची वेळ आली. एकीकडे व्याज भरा, दुसरीकडे पाइपाचा पत्ता नाही. पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेचं असं होतं, तर आपल्याकडे जास्तच डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

म्हणून हे तीन प्रश्न. आपल्या नगरसेवकांना विचारा, लेखी विचारा, माहिती अधिकारात विचारा.

पहिला प्रश्न: आजवर बांधलेल्या केंद्रांना प्रत्यक्षात किती घरं, किती सोसायट्या जोडल्या आहेत? केंद्राची क्षमता नका विचारू, ती फलकावर लिहिलेली असते. रोज आत किती पाणी येतं आणि शुद्ध होऊन किती बाहेर जातं, हे विचारा. साधा हिशेब करा. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी मानक, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती ८ लाख ९ हजार. म्हणजे तेव्हाच दिवसाला पावणेनऊ कोटी लिटर सांडपाणी धरायला हवं होतं. त्यानंतर शहर किती वाढलं ते आपण बघतोच आहोत.

आणि यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सूर्या योजनेत मीरा-भाईंदरचा वाटा दिवसाला २१ कोटी ८० लाख लिटर पाण्याचा आहे. पाण्यासाठी आपण मोर्चे काढले, बरोबरच केलं. पण नळानं जे येतं त्यातलं ८० टक्के मोरीतून बाहेर जातं. म्हणजे नुसत्या त्या पाण्याचं साडेसतरा कोटी लिटर सांडपाणी. ते कुठे जाणार? आणायचा पाइप आणि न्यायचा पाइप यांचा हिशेब एकाच कागदावर मांडायला सांगा.

दुसरा प्रश्न: केंद्र चालवायचा वर्षाचा खर्च किती आणि तो कुठून येणार? बांधायला केंद्राचे पैसे मिळतात. अमृत २.० मध्ये एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांना एक तृतीयांश मिळतात. बाकी राज्य आणि आपण. पण वीज, पंप, माणसं, दुरुस्ती, यांचा रोजचा खर्च शहरालाच करायचा असतो. आपल्या किनाऱ्याला उतार समुद्राकडे. सगळं पाणी आधी खाली गोळा होणार, मग पंपानं वर चढवायचं. वीज गेली, जनरेटरला डिझेल नसलं, की ते सरळ समुद्रात. म्हणून बांधकामाच्या आकड्याबरोबर चालवण्याचा आकडा मागा. करांचे दर दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, तेव्हा हा विचार व्हायला हवा. 'मलप्रवाह सुविधा लाभ कर' नावाचा कर कायद्यात आहे. घरपट्टीच्या बिलावर तो आहे का, किती आहे, बघून घ्या. मी कर द्यायच्या विरोधात नाही. त्या कराचा पैसा त्याच कामाला लागतो का, एवढंच दाखवा.

शुद्ध केलेलं पाणी विकताही येतं. नागपूरच्या भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, त्याचे महापालिकेला पैसे मिळतात. आपल्याकडे बांधकामं काय कमी आहेत? त्यांना हे पाणी विकून थोडा तरी खर्च निघेल का, हे कुणीतरी सभागृहात मांडलं पाहिजे.

तिसरा प्रश्न: गाळ कुठे टाकणार? हा प्रश्न उत्तनकरांनी नाही विचारायचा तर कुणी विचारायचा! धावगीच्या डोंगरावर घनकचरा 'प्रकल्प' आला तेव्हा शब्द फार गोड होते. पुढे कचऱ्याचा डोंगर, आगी, धूर, आणि पावसात शेतात उतरणारं काळं पाणी, हे आपण भोगलं. मलशुद्धीकरण केंद्रातूनही गाळ निघतोच. तो वाळवायचा कुठे, खत करायचं की टाकायचा, हे टेंडरमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर शहराचा गाळ आपल्याच डोंगरावर यायचा.

आता कुणी म्हणेल, एवढे प्रश्न विचाराल तर काम रखडेल. रखडण्याचीही किंमत असते, मान्य. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं घनकचरा आणि सांडपाणी यांच्या दुरवस्थेबद्दल महाराष्ट्राला १२ हजार कोटींची भरपाई ठोठावली होती. प्रक्रिया न होणाऱ्या सांडपाण्याच्या दर एमएलडीला, म्हणजे दिवसाला दहा लाख लिटरला, २ कोटी रुपये असा हिशेब होता. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, तरी इशारा कळायला पुरेसा आहे. काम न करणं हेही एक कर्जच आहे.

म्हणून मी नुसते प्रश्न घेऊन बसा म्हणत नाही. भुयारी गटार यायला वेळ लागणार हे उघड आहे. अरुंद गल्ल्या, कातळ, खोदकाम, पंपिंग स्टेशनला जागा. तोवर एक काम पालिका लगेच सुरू करू शकते आणि त्याला शेकडो कोटी लागत नाहीत. सातारा जिल्ह्यातलं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर, दोन्ही लहान गावं. तिथे भुयारी गटार नसताना नगरपरिषदेनं ठरवलं की तुंबायची वाट न बघता दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी क्रमानं उपसायची. आज ही आळी, उद्या ती. उपसताना घरमालकाकडे वेगळे पैसे मागायचे नाहीत, खर्च स्वच्छता करातून. उपसलेला मैला नाल्यात न ओतता त्यासाठी बांधलेल्या केंद्रात न्यायचा. वाईचं केंद्र दिवसाला ७० हजार लिटरचं आहे. जे वाईला जमतं ते महापालिकेला जमू नये?

यात माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. टाकी तुंबली की आपण स्वस्तातली खासगी गाडी शोधतो. ती मैला कुठे रिकामा करते ते विचारत नाही, आणि कधी कधी गडी खाली उतरतो तेही बघून न बघितल्यासारखं करतो. २०१३ च्या कायद्यानं हे बंद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई ठरवली. क्रमानं, यंत्रानं, पालिकेच्या देखरेखीखाली उपसा झाला तर ही वेळच येणार नाही.

बंदीच्या दोन महिन्यांत, जून-जुलैला, बोटी वर ओढलेल्या असतात आणि गडीमाणसं घरी असतात. त्याआधी प्रत्येक आळीनं एक यादी करावी: किती घरं, किती टाक्या, शेवटच्या कधी उपसल्या, जवळ विहीर आहे का. एका वहीत मावेल एवढं काम आहे. यादी हातात असली की अधिकारी "सर्वेक्षण करावं लागेल" म्हणून वर्ष ढकलू शकत नाही.

पाली, चौक, डोंगरी, पातान बंदर, भाटे बंदर, जिथून कुणी यादी करायला तयार असेल त्यांनी खाली आळीचं नाव टाका. यादी कशी करायची त्याचा साधा तक्ता मी पाठवतो. आणि तीन प्रश्नांचा अर्ज मराठीत लिहून ठेवलाय, कुणालाही हवा असेल तर मागा, सही करून आपल्या नगरसेवकाला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.