गुठळी कीं गांठ?

दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण आपण निबंधापुरती पाठ करितों. पण वैद्यकांत तिचें मोल प्राणाएवढें आहे.

जुन्नर-आंबेगांवच्या मुलांस पाट ठाऊक आहेतच. कुकडीच्या किंवा घोडच्या पाटांत गाळ सांचला तर पाणी तुंबतें. आणि पाटाच्या भिंतींत पिंपळानें मूळ धरलें तरीहि तुंबतें. दूर शेतांत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास दोन्ही वेळां एवढेंच कळतें, कीं पाणी येत नाहीं. मात्र गाळ काढतां येतो. पिंपळ वाढतच राहतो.

हृदयाच्या उजव्या भागांतून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीचेंहि असेंच आहे. तींत अडकते ती बहुधा रक्ताची गुठळी. परंतु फार क्वचित् त्या धमनीच्या अस्तरांतूनच कर्करोगाची गांठ उगवते. मांडेलस्टाम ह्यांनीं १९२३ सालीं तिचें प्रथम वर्णन केलें. आजवर जगांत अशा रोग्यांची नोंद कांहीं शेंकड्यांचीच आहे. दम लागणें, छातींत दुखणें, खोकल्यांतून रक्त पडणें, हीं लक्षणें दोहोंचीं सारखींच. शिवाय आपल्याकडे असा खोकला दिसतांच प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती येणें योग्यच होय. जें नेहमीं घडतें तें आधीं तपासावें.

आमच्या एका आप्तांस गुठळी समजून रक्त पातळ ठेवणारें औषध दोन महिने दिलें, तरी दम हटेना. त्यांच्या शाळकरी मुलीनें सर्व कागद तारीखवार लावून ठेविले होते. पुण्याच्या डॉक्टरांनीं जुना व नवा सी. टी. स्कॅन शेजारीं ठेवून पाहिले. गुठळी असती तर औषधानें बहुधा विरली असती. येथें सावली वाढली होती. पेट स्कॅननें संशय बळावला. मग १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत असलेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां निर्णय झाला. शस्त्रक्रियेनें रोग समूळ गेला नाहीं. तथापि त्यांस मोकळा श्वास व लेकरांच्या सहवासांत दीड वर्ष लाभलें.

मुलांनो, पहिलें निदान बहुतेक वेळां बरोबरच ठरतें. म्हणून औषध आपल्या मनानें कधींहि सोडूं नये. पण औषध घेऊनहि दुखणें हटत नसेल, तर “हें दुसरें कांहीं असेल काय?” असें डॉक्टरांस नम्रपणें विचारावें, आणि घरांतील दुखणाइताचा प्रत्येक कागद जपून ठेवावा. लिहितां-वाचतां येणाऱ्या मुलास एवढी सेवा सहज करतां येईल.