चिकूचं पथ्य

आमचा चिकू म्हणजे कॉकॅटिएल. मूळ ऑस्ट्रेलियाचा, पण हट्ट अस्सल आमच्या घरचा! हिने हौसेने आणलेला. ती गेल्यापासून घरात तो आणि मी, दोघंच. लाडापोटी मी त्याला नुसत्या सूर्यफुलाच्या बियाच घालत राहिलो. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, "सर, यात चरबी फार आणि 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. यकृत बिघडेल. भाज्या सुरू करा, पण हळूहळू."

ते 'हळूहळू' मी काही मनावर घेतलं नाही. छत्तीस वर्षांची मास्तरकी ना! बिया बंद, वाटीत किसलेलं गाजर आणि कोथिंबीर. भूक लागली की खाईल मुकाट्याने! दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर ९२ ग्रॅमचा ८५ झालेला. पोटात धस्स झालं. डॉक्टर चांगलेच रागावले. एवढासा जीव, उपाशी राहील पण अनोळखी वस्तूला तोंड लावणार नाही.

मग बिया परत दिल्या आणि दर आठवड्याला चिमूटभर कमी करत गेलो. शिवाय हे थव्यातले पक्षी, सोबतीचा खातो ते बघून खातात. म्हणून रोज त्याच्यासमोर बसून मीच गाजर खाऊ लागलो. सातव्या आठवड्यात त्याने माझ्या ताटलीतला तुकडा उचलला!

"कोशिंबीर खा हो" म्हणून ही जन्मभर माझ्या मागे लागायची. आता तिच्या पाखरासाठी खातोय. आणि वर्गात किती मुलांच्या 'बिया बंद' केल्या असतील, तेही हल्ली आठवतं.

असो.