डब्यावरचा शिक्का

“बौद्ध माणसाने बंदुकीच्या छऱ्यांचे डबे कशाला गोळा करावेत?” हा प्रश्न मला विहारात, कचेरीत आणि घरातही विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. तथागतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात पहिला शस्त्रांचा आणि शेवटचा विषाचा. एअरगनचा छर्रा शिशाचा असतो, म्हणजे दोन्ही एकात आले! म्हणून आधीच सांगतो, माझ्याकडे बंदूक नाही, छर्रेही नाहीत. आहेत ते रिकामे पत्र्याचे डबे. तळहातावर मावतील एवढे, बहुतेक जुन्या जर्मनीतले, एकूण २३. चोरबाजारातून आणि भंगारवाल्यांकडून एकेक करून मिळालेले.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सर्वांनीच पाहिली आहे. तशा बंदुकीचा छर्रा बहुधा साडेचार मिलिमीटरचा, कमरेत बारीक असतो. या आकाराला ‘डायबोलो’ म्हणतात. दोरीवर फिरवायच्या त्याच नावाच्या खेळण्यावरून ते नाव पडले. शिसे मऊ. छर्रा जरा दबला तरी नेम चुकतो, म्हणून त्याला पत्र्याचा डबा लागतो. हान म्युंडन गावची हेंडलर अँड नाटरमन ही शिशाचा माल करणारी कंपनी १८२५ सालची. आर.डब्ल्यू.एस. १८८६ ची. रास्टाट गावची डायना कंपनी १८९० ची. डायनाच्या शिक्क्यावर शिकारीची रोमन देवता एका हाताने बंदूक उंचावते आणि दुसऱ्या हाताने धनुष्यबाण फेकून देते.

हे डबे ‘वाचायचे’ कसे, हीच खरी गंमत. डब्यावर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला, कारण तेवढीच वर्षे तो देश त्या नावाने ओळखला गेला. पत्त्यात चार आकडी पिनकोड असेल तर माल १९६१ नंतरचा, पाच आकडी असेल तर जुलै १९९३ नंतरचा. ‘डायना’ हे नाव महायुद्धानंतर ब्रिटनच्या मिलब्रो कंपनीकडे गेले होते, ते १९८४ मध्ये मूळ कंपनीला परत मिळाले. म्हणून नुसते नाव पाहून डबा जर्मन समजू नये. आम्हा कारकुनांना आवक-जावक क्रमांक आणि तारीख पाहायची सवय असतेच. तीच सवय इथे कामी येते.

माझे मन मात्र एका छोट्या ओळीवर अडकले. ‘मेड इन जर्मनी.’ ही ओळ जर्मनांनी हौसेने लिहिलेली नव्हती. १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव सांगायला भाग पाडले. जर्मन माल हलका, नकली, तो गिऱ्हाइकाला ओळखू यावा हा हेतू. म्हणजे तो कलंकाचा शिक्का होता! पण माल चांगला निघत गेला आणि काही वर्षांत तोच शिक्का गिऱ्हाईक मुद्दाम शोधू लागले.

हे वाचले तेव्हा मला आपल्या समाजाची आठवण झाली. आपल्यावरही शिक्का होता. मग आपल्या बापजाद्यांचा माल हलका होता काय? त्यांनी बांधलेली धरणे गळली काय? गिरणीत त्यांनी कातलेले सूत तुटले काय? काम चोख होते, तरी शिक्का पुसला गेला नाही. कारण जर्मनीचा शिक्का मालावर होता, आपला माणसावर होता. मालावरचा शिक्का गुणाने बदलतो. माणसावरचा शिक्का गुण बघतच नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी तो उजळवत बसण्याऐवजी १९५६ साली नागपुरात तो शिक्काच फेकून दिला. बाबासाहेबांनी १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, हेही मला डबे हाताळताना आठवते.

आणि सन्मानाच्या शिक्क्यामागे तरी सगळे स्वच्छ असते काय? आर.डब्ल्यू.एस. ज्या डायनामिट कंपनीत सामील झाली, तिच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत महायुद्धाच्या काळात छळछावण्यांतील ज्यू स्त्रियांना वेठीला धरले होते. फ्रीडरिख फ्लिक या उद्योगपतीने १९५९ मध्ये ही कंपनी ताब्यात घेतली. तो १९७२ मध्ये मेला, पण त्याने भरपाई दिली नाही. पुढे कंपनी विकली गेल्यावर १९८६ मध्ये ५० लाख मार्क मंजूर झाले. युद्ध संपून तेव्हा ४० वर्षे उलटली होती. डब्यावर कंपनीचे नाव असते, देवतेचे चित्र असते. राबणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच डब्यावर नसते.

वाचक भगिनींनो, आता आपल्या घरातला डबा पाहा. बिस्किटाचा असेल, पावडरचा असेल, नाहीतर पेटीच्या तळाशी ठेवलेला. त्यात आजोबांचा गिरणीचा पास असतो, शाळा सोडल्याचा दाखला असतो, एखाद्या परिषदेच्या वर्गणीची पावती असते. घर बदलताना, चाळ पाडताना हे डबे भंगारात जातात. जर्मन कंपन्यांचा इतिहास लिहायला जगभर हौशी माणसे आहेत. आपल्या आजीचा इतिहास आपल्याशिवाय कोण लिहिणार? म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहा : हा कोणाचा, कुठला, अंदाजे कोणत्या सालचा. घरातले म्हातारे माणूस आहे तोवर विचारून घ्या.

एक सूचना आयांसाठी. छऱ्यांचा जुना डबा हाती आला तर त्यात मसाला, मीठ, मुलांचा खाऊ कधीही ठेवू नका. आतली पांढरट भुकटी शिशाची असते आणि थोडे शिसेसुद्धा मुलांच्या मेंदूला इजा करते. कोरड्या फडक्याने झटकू नका, धूळ नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा, ते फडके टाकून द्या आणि हात साबणाने धुवा. आमच्या घरात हे डबे उंच फळीवर असतात.

त्याच फळीवर आता एक बिस्किटाचा डबाही आहे. त्यात आईच्या रेशनकार्डापासून सगळे कागद साल घालून लावले आहेत. तेवढे काम गेल्या पावसाळ्यात मी आणि मुलीने मिळून पुरे केले.

जयभीम!