पूल झाला तरी बोट चालू द्या

ऱ्हाईन नदी जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरली की थोड्याच अंतरावर, पानर्डेन गावापाशी, तिचे दोन फाटे होतात. जवळजवळ दोन तृतीयांश पाणी ‘वाल’ या नावाने पश्चिमेकडे जातं. उरलेलं उत्तरेकडे वळतं आणि पुढे त्यातूनच आयसेल नदी निघते. मी राहते ते नायमेखन शहर या वालच्या काठावर आहे. फाट्याजवळ मिलिंगन ते पानर्डेन अशी एक छोटी बोट चालते. ती मोटार घेत नाही. माणसं आणि सायकली, एवढंच. उन्हाळ्याच्या मोसमात रविवारी धक्क्यावर सायकलींची रांग लागते आणि त्यात बहुतेक साठी-सत्तरीची जोडपी असतात. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, हॅन्डलला अडकवलेला कागद आणि त्या कागदावर ओळीने लिहिलेले आकडे.

त्या आकड्यांबद्दल सांगायला हवं. इथे सायकलवाटा जिथे एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणी एक खांब असतो आणि त्यावर एक क्रमांक. पुढच्या क्रमांकाकडे कुठे वळायचं ते बाण दाखवतो. घरून निघताना आपण फक्त क्रमांक टिपून घ्यायचे. ही पद्धत १९९५ साली शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बुर्ख प्रांतात सुरू झाली. ह्युगो बोलन या खाणकाम अभियंत्याने ती सुचवली. कोळशाच्या खाणीत बोगदे जिथे मिळतात तिथे क्रमांक लावतात, हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. खाणी बंद पडलेल्या त्या भागात हीच कल्पना जमिनीवर आली, काही वर्षांतच नेदरलँड्सने ती उचलली आणि आज देशभर हे खांब दिसतात. खर्च किती? खांब, पाटी आणि वर्षातून काही वेळा कुणीतरी जाऊन पाटी जागेवर आहे का ते बघणं.

मी इथे आले तेव्हा मला वाटायचं की हा देश सपाट आणि श्रीमंत आहे, म्हणून इथे सायकल चालते. सपाट तो आहेच, श्रीमंतही आहे. पण नदीकाठाने फिरू लागल्यावर दिसलं ते वेगळंच. इथल्या लोकांनी जुन्या, संथ वाटा मोडीत काढल्या नाहीत. मोठे रस्ते झाले, त्यांवर वाहनं गेली, आणि पूररक्षक बांधांवरचे जुने रस्ते मोकळे झाले. मोठे पूल झाले, मोटारी पुलांवर गेल्या. काही बोटी बंद पडल्याही, पण अनेक ठिकाणी त्या सायकलवाल्यांसाठी पुन्हा सुरू झाल्या. लहान बोटी टिकाव्यात म्हणून झटणारी एक संघटनासुद्धा या देशात आहे. आयसेलच्या काठाने झुत्फेन, देव्हेंतर, काम्पेन ही मध्ययुगातल्या व्यापारी संघाची गावं एकामागून एक लागतात. त्या गावांचा डौल पाण्याच्या बाजूनेच कळतो, कारण ती पाण्याकडे तोंड करून बांधलेली आहेत.

नायमेखनचंही तसंच. रोमन छावणीपासून हे शहर नदीकडे पाहत उभं आहे. इथल्या रेल्वेपुलाला चिकटून २००४ साली सायकलींसाठी वेगळा पूल जोडला. माझा रोजचा रस्ता त्यावरूनच. बाजूने गाडी जाते, खाली रॉटरडॅमहून जर्मनीकडे निघालेले मालाचे पडाव. पश्चिमेला ओव्हरस्टेक नावाचा २०१३चा पूल आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये तिथेच अमेरिकन सैनिकांनी होड्यांतून भर गोळीबारात नदी ओलांडली आणि ४८ जण मारले गेले. आज त्या पुलावरचे ४८ जोड दिवे रोज संध्याकाळी एकामागून एक, माणसाच्या चालीने, लागत जातात.

आणि पूर. जानेवारी १९९५च्या अखेरीस नद्या फुगल्या आणि या पट्ट्यातून सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर सरकारने नदीला जागा करून द्यायचं ठरवलं. नायमेखनसमोर लेंट इथला बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, नदीसाठी नवा प्रवाह खणला, मध्ये बेट तयार झालं. पन्नासच्या आसपास घरं गेली, लोक भांडले, ते दुःख अजून बोलण्यात येतं. मला विशेष वाटतं ते हे की बांध मागे घेतानाच त्यावरची चालायची आणि सायकलची वाट आखली गेली. पूररक्षणाचं काम आणि लोकांचा नदीशी रोजचा संबंध, दोन्ही एकाच नकाशावर.

२२ जुलै २०२१ला महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, तेव्हा मी इथे फोन हातात धरून बसले होते. आपल्याकडे नदीची ओळख बहुतेकदा पुराच्या बातमीतून होते, नाहीतर पुलावरून जाताना बसच्या खिडकीतून. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला, ती बातमी तर आमच्याकडच्या कुणाच्याच मनातून जात नाही. आमच्या माणगावात काळ नदी आहे. पण परगावच्या माणसाला माणगाव विचारलं तर तो शनिवार-रविवारी तुंबणारी महामार्गावरची वाहनांची रांग सांगतो.

माझ्या मते माणगाव हे कोकणातल्या सायकल-सफरीचं उत्तम ठाणं आहे आणि ते कुणी तसं पाहिलेलं नाही. कोकण रेल्वेचं स्थानक आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे थेट इथे येता येतं. आणि इथून समुद्राकडे जाणारी वाट अशी आहे की तिच्यावर दोन हजार वर्षं ओळीने मांडलेली आहेत.

ती वाट सांगते. माणगावहून इंदापूरपर्यंतचा महामार्गाचा तुकडा पहाटेच उरकायचा, कारण तो वाईट आहे. इंदापूरला महामार्ग सुटतो आणि तळ्याचा रस्ता लागतो. चढउतार आहेत, झाडी आहे, डोक्यावर तळगड. पुढे मांदाड आणि कुडे. कुड्याची बौद्ध लेणी राजपुरीच्या खाडीवर नजर ठेवून कोरलेली आहेत. आत ब्राह्मी शिलालेख आहेत, दानाचे. मांदव घराण्यातल्या महाभोजांची नावं त्यांत आहेत, पण दान देणाऱ्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात मंदगोरा नावाचं बंदर येतं, ते काही अभ्यासक मांदाडशी जोडतात. लेण्याच्या ओट्यावर बसून खाली खाडी बघितली की माळ्याने इथे दान का दिलं असेल ते आपोआप समजतं: इथे बाजार होता, गलबतं येत होती, फुलं घेणारी माणसं होती.

तिथून खाडीच्या अंगाने आगरदांडा. आणि आगरदांड्याहून दिघीला जायला बोट, जिला सगळे जंगलजेटी म्हणतात. मोटार, मोटारसायकल, सायकल, माशांच्या टोपल्या, सगळं एकत्र. डावी-उजवीकडे बघावं तर खाडीच्या तोंडाशी जंजिरा. मराठ्यांना जो कधी मिळाला नाही तो सिद्दीचा किल्ला. त्याच्या वायव्येला शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला पद्मदुर्ग. गाडीत काचा वर करून बसलेल्याला हे दहा मिनिटांचं थांबणं वाटतं. सायकलवरून आलेल्याला दिवसभरातला हाच वेळ सर्वांत मोलाचा, पाय मोकळे, वारा तोंडावर आणि इतिहास दोन्ही हातांना.

दिघीहून दिवेआगर, मग आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धन. हा किनाऱ्याचा तुकडा मी जगातल्या कुठल्याही सायकलवाटेशेजारी ठेवीन. एका बाजूला खडक आणि लाटा, दुसऱ्या बाजूला डोंगर, अधूनमधून कोळीवाडा आणि वाळत घातलेली मासळी. दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांवर ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. पिढ्यांनी लावलेली झाडं एका दुपारी आडवी झाली. सुपारीचं झाड उत्पन्नाला यायला वर्षं लागतात, तोवर घरात पैसा कुठून यावा? अशा घरांना मुक्कामाला येणारा, दोन वेळा जेवणारा, सोलकढी मागून घेणारा सायकलस्वार हवा आहे. तो सावकाश जातो, म्हणून वाटेतल्या प्रत्येक गावात काही ना काही खर्च करतो.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. १७१३ साली पेशवेपद मिळालेला हा माणूस सिद्दीच्या मुलखातून घाटावर गेला. पुढे हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला सावित्रीची खाडी. तिथेही बोट आहे, पलीकडे वेश्वी आणि बाणकोट. मुंबईहून किनाऱ्याने गोव्याला सायकलवर जाणारी मंडळी याच दोन बोटींवर भिस्त ठेवून येतात. सावित्री ही एकेकाळी वाहतुकीचीच वाट होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने आले ते याच नदीवरच्या दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. त्या बंदराचं नाव सांगणारी एक पाटी, एक ओळीचा मजकूर, नदीकडे जाणारा बाण, एवढंसुद्धा पुष्कळ झालं.

परतीचा म्हसळा-माणगाव टप्पा मात्र मला खटकतो. दिघी बंदरासाठी हा रस्ता रुंद काँक्रीटचा झाला आहे आणि अवजड ट्रक वेगाने जातात. तिथे पांढऱ्या रेषेबाहेरची साईडपट्टी सलग आणि खडीविना ठेवली तरी सायकलवाल्याचा जीव सुरक्षित राहील. शाळेच्या मुलांचाही. सायकलचं बोलताना आपण पर्यटकांचं बोलतो, पण त्या रस्त्यावर रोज सायकल चालवणारं पोर म्हसळ्याचं किंवा साई गावचं असतं.

आता रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल बांधायची कामं हाती घेतली आहेत. हे पूल हवेतच. रात्री श्रीवर्धनहून रुग्ण अलिबागला न्यायचा तर खाडीला वळसा घालण्यात जाणारा वेळ कुणाच्या तरी आयुष्यातून जातो. पण पूल झाला की बोटीवरच्या मोटारी जातील, त्यांच्याबरोबर उत्पन्न जाईल, आणि बोट बंद होईल. शेखाडीचा रस्ताही रुंद करण्याचा मोह होईल, आणि समुद्राला खेटून असलेली ती अरुंद वाट वाहनांच्या हाती जाईल. हे टाळता येतं. पुलाच्या पैशातला अगदी लहान हिस्सा बोटीसाठी बाजूला काढावा. मोठी जंगलजेटी नको, माणसं आणि पंधरा-वीस सायकली मावतील एवढी लाँच पुरे. ती चालवायला राजपुरी-आगरदांड्याच्या कोळी बांधवांइतकं खाडी ओळखणारं कोण आहे? आणि पुलाच्या आराखड्यात सायकलची पट्टी आत्ताच हवी. काँक्रीट ओतल्यावर ती जोडायला किती काळ जातो ते नायमेखनच्या रेल्वेपुलाला विचारावं: १८७९ साली बांधलेल्या पुलाच्या जागी सायकलची वाट यायला सव्वाशे वर्षं गेली.

बाबा माणगावातच आहेत. मी हा सगळा फेरा फोनवर सांगितला तेव्हा ते म्हणाले, “इंदापूरपर्यंत महामार्गाने जाऊच नको. गावागावांतून आतला रस्ता आहे, जरा लांब पडतो, पण मी दाखवतो.” या हिवाळ्यात तो रस्ता त्यांच्याबरोबर बघायचा आहे. कुठल्या फाट्यावर पाटी लागेल, पाणी कुठे मिळतं, पंक्चर काढणारा कुठे बसतो, सगळं वहीत उतरवून ते तळा आणि म्हसळ्याच्या पंचायत समित्यांना आणि माणगावच्या नगरपंचायतीला द्यायचं आहे. खांबांवरचे क्रमांक एकपासून सुरू करू, पहिला माणगाव स्थानकाच्या बाहेर.